अक्काची चिमूट

बंगळूरची थंडी मी आजही अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांच्या वासावरून ओळखते. भिजवलेला दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून अक्का हलकेच दाबायची; साल तिच्या बोटांत राहायचे आणि सोललेला दाणा टप्पकन् पितळी परातीत पडायचा. बसवनगुडीच्या आमच्या अंगणात मार्गशीर्षाचे कोवळे ऊन जणू त्या आवाजाच्या तालावर पुढे सरकत असे. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली होती. माझी ही थोरली बहीण तेव्हा सतरा वर्षांची, आणि मी, तिची 'पुट्टी' म्हणजे चिमुकली, दहाची.

बाळांनो, त्याच चिमटीत आणखीही काही असे. त्या वर्षी अक्काची दाढ ठणकली आणि आमच्या अज्जीने स्वतःच्या डबीतली तपकीर तिच्या हिरडीला लावली. "स्वल्पच लाव, सरी होईल," अज्जी म्हणाली. स्वल्प म्हणजे थोडेसे, सरी म्हणजे ठीक. कानडी शेजाराने हे शब्द आमच्या तोंडी रुजवले होते. विडी ओढणाऱ्याला आमच्या घरात उंबऱ्याच्या आत घेत नसत. पण तपकीर हे औषध होते, आणि औषधाला तंबाखू कोण म्हणणार? ठणका पंधरा दिवसांत गेला. डबी गेली नाही.

बोलता बोलता अक्का भिंतीकडे वळे, खालचा ओठ किंचित ओढे, आणि पुन्हा आमच्याकडे पाही तेव्हा तिचे हसू तळहाताआड गेलेले असे. ग्रहणातल्या उन्हासारखे ते मला वाटे: आहे, पण उजळत नाही.

दोन हिवाळ्यांनी मीही दाढ धरून तिच्यापुढे बसले. दुखत काहीच नव्हते. मला तिची ती ऐट हवी होती. मी बोट पुढे केले. "अक्का, मलाही. स्वल्प."

तिची चिमूट हवेतच थबकली. "पुट्टी, मलासुद्धा स्वल्पच दिली होती," ती हळू म्हणाली, आणि माझ्या बोटावर तिने एक सोललेला दाणा ठेवला. "हा चाव. दाढ किती दुखते ते कळेलच."

मी चावला, आणि पकडले गेले. ती मोठ्याने हसली, तोंड झाकायचे विसरून. तिच्या हिरडीवरचे पांढरे चट्टे मी तेव्हा प्रथम पाहिले.

त्यानंतर मी कधी मागितली नाही. तिला मात्र सोडता आली नाही. चट्ट्यांची जखम झाली, जखम गालात शिरली, आणि तिशी गाठण्याआधीच अक्का गेली. अज्जी शेवटपर्यंत दाढेलाच दोष देत राहिली.

मी अजून मीठसुद्धा चिमटीने घालत नाही, चमच्याने घालते. तुम्हांला कोणी 'थोडीशीच' म्हणून काही देऊ केले, तर माझ्या बोटावरचा तो दाणा आठवा. थंडीतल्या सकाळी घरात कोणी नसते, तरी परातीत दाणा पडल्याचा आवाज येतो आणि मी हातातले काम थांबवून पुढच्या दाण्याची वाट पाहते. गेलेले माणूस आपल्यापाशी स्वल्पच उरते. आणि ते स्वल्प काही केल्या संपत नाही.