आत्याकडचं केळवण

"आ करा. अजून. अजून थोडं. बास."

डॉ. सुश्रुतने मालनच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये पट्टी धरली आणि खूश होऊन मान हलवली. "चौतीस मिलिमीटर! आधी चमच्याची कडसुद्धा जात नव्हती."

लहानपणी मालन जिन्यावरून हनुवटीवर पडली आणि जबड्याचे दोन्ही सांधे हळूहळू कवटीला चिकटून गेले. पुढचा एक दात काढून केलेल्या फटीतून ती पेज आणि वरण आत ओढत राहिली. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत पॅकिंगला लागली, तेव्हाही जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसायची. गेल्या वर्षी सुश्रुतने तिचा स्कॅन काढून, तिच्याच हाडांच्या मापाचे नवे सांधे बनवून बसवले. फटीत दातही बसवला. कानांपुढचे व्रण आता फिकट झाले होते. खालचा ओठ तेवढा अजून जरा बधिर होता.

"दुखतं?"

"नाही."

"जांभई देता येते?"

"येते की! परवा कंपनीत मोठ्ठी दिली. सुपरवायझर ओरडला, घरी झोपत नाहीस का म्हणून."

सुश्रुत हसला. "सुपारी आणि हाडकं नकोत. बाकी सगळं खायचं. चारचौघांत जेवता ना?"

"रविवारी जेवणार," मालन म्हणाली. "भाचीचं केळवण आहे माझ्याकडे."

आई गेल्यापासून कळव्याच्या घरात ती एकटीच होती. आता सगळं खाता येत होतं, पण खाताना तिला अजून कुणी पाहिलं नव्हतं. भावाने, वहिनीने, प्राचीने एकदा पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी डोंबिवलीहून आनंद, हेमा आणि प्राची आले. श्रीखंड-पुरी, मटकीची उसळ, वरणभात, पापड. प्राचीच्या ताटाभोवती रांगोळी.

"ताई, नवरी एकच आहे गं," आनंद म्हणाला. "तू अख्ख्या वऱ्हाडाचं करून ठेवलंयस!"

"चौथं ताट कोणाचं?" हेमाने विचारलं. "शेजारच्या कोणी येतायत का?"

"माझं."

हेमाने त्या ताटाकडे पाहिलं. "हो का? मग बसा ना, ताई. बसा."

"आत्या, इकडे, माझ्या शेजारी," प्राचीने जागा केली.

मालनने सगळ्यांना वाढलं आणि बसली. पुरीचा घास उचलून तोंड उघडलं, आणि तिघांच्या माना खाली गेल्या.

या कुटुंबात तसंच चालत आलं होतं. मालन खात असताना तिच्याकडे बघायचं नाही. फटीतून ओघळलेलं कुणी पाहू नये म्हणून आईने ते वळण लावून दिलं होतं. पुढे कुणाला सांगावंही लागलं नाही. प्राची तर रांगायच्या वयापासून शिकली होती.

मालन चावत राहिली. नव्या सांध्यांवर जबडा नुसता वरखाली होत होता, बाजूला सरकत नव्हता. घासाला वेळ लागत होता. आनंद लग्नाच्या हॉलच्या पार्किंगबद्दल बोलू लागला. हेमाने मोबाइल हातात घेतला.

मालनने पापड उचलला आणि दाताखाली धरला. कर्रकन आवाज झाला.

प्राचीची मान वळता वळता थांबली. ती ताटातलं श्रीखंड बोटाने सारखं करू लागली. आनंदचा आवाज चढला, "अगं, पन्नास गाड्या कुठे लावणार, सांग ना!"

"प्राची," मालन म्हणाली.

"काय गं आत्या?" प्राचीने खाली बघतच हात लांब केला आणि वाटी पुढे सरकवली. "वरण हवंय? घे, पातळच आहे."

मालनने तिच्याकडे पाहिलं. वळवलेला गाल, कानातला नवा डूल.

"हो, दे," ती म्हणाली.

उरलेला पापड तिने वरणात मोडला, मऊ होऊ दिला आणि आवाज न करता खाल्ला.