विसण

कुसुमताईंनी बॉयलरच्या खोलीला पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. भंगारवाला जहांगीर क्रेनला टेकून मुकुंदरावांच्या तोंडाकडे बघत राहिला.

हैदराबादेत तारनाक्याच्या या सोसायटीत तिन्ही इमारतींना गरम पाणी एकाच ठिकाणाहून येई. इतकी वर्षं ते डिझेलच्या बॉयलरवर तापे आणि धूर तळमजल्याच्या खिडक्यांत शिरे. सेक्रेटरी मुकुंदरावांनी हट्ट धरला, तेव्हा कुठे गच्चीवर सौर पॅनेल आली आणि त्या विजेवर पाणी तापवणारा पंप बसला. आज जुना बॉयलर जायचा होता. तो गेला की माघारी फिरायला वाट नव्हती.

"माझी लेक केतकी बाळंतीण आहे," कुसुमताई म्हणाल्या. "या असल्या कोमट पाण्यानं न्हाऊ घालू तिला? बॉयलर हलायचा नाही."

"आमच्याकडे तर चांगलं कढत येतं," मुकुंदराव म्हणाले.

"मग तुमचा पंप माणसं ओळखतो म्हणायचा."

वॉचमन हसला. गॅलरीत उभ्या असलेल्या दोघातिघांनी आपापल्या बादल्यांची तक्रार केली. मुकुंदराव काहीतरी पुटपुटले आणि जिना चढू लागले. स्वतःच्या अंघोळीवाचून त्यांच्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

दार उघडंच होतं. सुशीलाबाई सांडशीत धरलेलं वाफाळतं पातेलं घेऊन न्हाणीघराकडे निघाल्या होत्या. नवऱ्याला बघून त्या जागीच थांबल्या.

"हे काय?"

"तुमचं अंघोळीचं पाणी."

"रोज घालतेस?"

त्यांनी पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं. "तुम्ही सगळ्यांना इतक्या कौतुकानं सांगत होतात."

मुकुंदराव न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर बसले. खिशातला फोन वाजला. खालून जहांगीर होता.

"साब, उठाऊं क्या नक्को? क्रेनवाला जातूं बोल रा."

"नक्को" हा शब्द त्यांच्या ओठांशी आला होता. समोर सुशीलाबाई, त्यांच्याकडे बघायला लागू नये म्हणून, बादली भरत होत्या. आधी गार पाण्याचा नळ. बादली अर्धी झाल्यावर तो बंद करून गरम पाण्याचा.

"रुक जरा," ते फोनवर म्हणाले. मग बायकोला विचारलं, "विसण कशाला घातलंस?"

"घालतातच की. नाहीतर हात भाज..."

त्या बोलता बोलता थांबल्या. हात भाजायचा तो बॉयलरच्या पाण्यानं. मुकुंदरावांनी बादली उपडी केली आणि नुसता गरम पाण्याचा नळ सोडला. सुशीलाबाईंनी मनगटापर्यंत हात बुडवला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही; विसणावाचून पाणी अंघोळीला हवं तेवढंच गरम होतं.

मुकुंदराव घाईघाईनं चपला शोधू लागले. "कुसुमताईंना सांगून येतो."

"तुम्ही नका जाऊ. चारचौघांत सांगाल, आणि त्या किल्ली विहिरीत टाकतील."

त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली. कुसुमताई, चहाला या वर.

"काय सांगणार आहेस?"

"माझंच चुकत होतं म्हणून सांगते. त्यांचं त्या समजतील."

जिन्यावर पावलं वाजली. सुशीलाबाईंनी पातेल्यातलं उकळतं पाणी चहाच्या भांड्यात ओतलं आणि तिसरा कप काढला.