दोन आणि पाच

लग्न झालं तेव्हा हा माणूस अगदी भोळा होता, असं त्याची बायको सांगायची. ते कुणालाच पटत नसे. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासून तपासून त्याचं असं झालं होतं, की शेजारी ‘बरं नाही, घरीच पडून आहे’ म्हणाला, तरी याची नजर आधी शेजाऱ्याच्या बुटांकडे जायची, चिखल ताजा आहे का बघायला. आग लागलेल्या दुकानात गेला की हा जळलेला माल बघत नसे, वाचलेला बघे. मित्रांनी त्याचं नाव पंचनामे ठेवलं होतं. तोही त्यावर मनापासून हसायचा.

तर या पंचनामेला गेले काही महिने चक्क आपल्या बायकोचा संशय येत होता. आणि संशय होता तो उस्तादवरून.

उस्ताद त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. चहाच्या कंपनीत चव बघायच्या कामाला. लांबलचक टेबलावर कपांची रांग मांडलेली, हा एकेका कपातून चमचाभर चहा फुर्रकन ओढणार, तोंडात घोळवणार, थुंकणार आणि सांगणार, हा घ्या, हा नको. त्याच्या नाकावर विसंबून कंपनीचा मालक गोदामंच्या गोदामं भरायचा. हा मालकही त्यांच्याच मंडळात होता. चौथ्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्यापुढे बाकी तिघांची तोंडं दवाखान्यात उघडी पडलेली असल्यामुळे त्या कुणालाच भीत नसत.

मंडळ होतं वाइनचं. दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी ते पंचनामेकडे जमत, कारण त्याच्याकडे मोठं टेबल होतं आणि खिडक्यांतून भरपूर उजेड येई. सहा बाटल्या, सहाही कॅबर्ने नावाच्या काळ्या द्राक्षाच्या, आणि सहाही एकाच सालच्या. द्राक्ष एक, साल एक, म्हणजे फरक राहिला तो फक्त जमिनीचा आणि करणाऱ्याच्या हाताचा. तो ओळखायचा, हा खेळ. बाटल्या कुठल्या ते आधी ठरलेलं असे, पण त्या कागदी पिशव्यांत गुंडाळून, गळ्यात नंबर अडकवून पुढे येत. कितव्या नंबरला कुठली, हे सांगायचं. परदेशी नावं उच्चारताना जिभेच्या गाठी होतात म्हणून त्यांनी लेबलांवरून आपली नावं पाडली होती: काळं लेबल, घोडेवाली, दाढीवाला म्हातारा, अशी. काळं लेबल सगळ्यांत महागडं.

बाटल्या गुंडाळायचं काम पंचनामेच्या बायकोकडे होतं. ती स्वतः घेत नसे. नुसत्या वासानेच तिचं डोकं उठे. नाकाला रुमाल लावून ती बुचं काढायची, पिशव्या बांधायची आणि नंबर अडकवायची. कुठल्या पिशवीत काय आहे हे ठाऊक असलेली घरात ती एकटीच.

पूर्वी उस्ताद सहातल्या चार बरोबर सांगायचा, फार तर पाच. तेवढ्यावर सगळे त्याचे पाय धरायचे बाकी ठेवत. पण गेल्या तीन बैठकींत त्याने सहाच्या सहा ओळखल्या होत्या. मालकाची छाती फुगली होती. पंचनामेच्या कपाळावर आठी पडली होती. पन्नाशीला आलेल्या माणसाचं काहीतरी सुधारतं, हे त्याने एकाही दाव्यात पाहिलेलं नव्हतं.

मग त्याच्या लक्षात फोन आला. बैठकीच्या सकाळी उस्तादचा फोन यायचा, याला नाही, बायकोला. ती गॅलरीत जायची, दार ओढून घ्यायची, हळू आवाजात बोलायची. परत आली की चेहरा कसा मऊ झालेला असायचा.

“काय म्हणत होता?”

“काही नाही. बर्फ आणू का विचारत होता.”

बर्फ! लाल वाइनमध्ये बर्फ घालणाऱ्याला उस्तादने स्वतः हाकलून दिलं असतं. हे एक वाक्य पंचनामेच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं. ती त्याला नंबर सांगते, हे उघड होतं. पण कशासाठी सांगते? कुणी कुणासाठी लबाडी करतं, ती उगाच करत नाही. आणि एकदा का तिकडे मन वळलं, की मग काय, उस्तादचा तिला ‘वहिनी’ म्हणतानाचा सूर, तिने त्याच्या ताटलीत आधी ठेवलेला पाव, सगळंच बोलायला लागलं. रात्री ती शेजारी झोपलेली असायची आणि हा छताकडे बघत साक्षी तपासत पडायचा. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. म्हणूनच तर एकही साक्ष सोडवत नव्हती.

या रविवारी त्याने सापळा लावला. सकाळी फोन येऊन गेला. बर्फाचं उत्तर मिळालं. बायको पिशव्या बांधून, बाटल्या टेबलावर मांडून कपडे बदलायला आत गेली, तसा तो पुढे झाला आणि त्याने दोन नंबरची चिठ्ठी पाचच्या गळ्यात आणि पाचची दोनच्या गळ्यात अडकवली. आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत असण्याची गरजही नव्हती. उस्ताद जर जिभेने ओळखत असेल तर बरोबर सांगेल. फोनवर ऐकून सांगत असेल तर नेमक्या या दोघींची अदलाबदल करेल, आणि मग सगळ्यांसमोर विचारायचं, काय रे, हे कुणी सांगितलं तुला?

मंडळी जमली. पाव आला, चीज आलं, थुंकायची भांडी आली. उस्तादने नेहमीसारखं बायकोकडे बघून किंचित मान लववली. पंचनामेने ती मान टिपून ठेवली.

मंडळाचा एक रिवाज होता. पेला सगळ्यांनी एकदम उचलायचा, पण पहिला बोलणार उस्ताद. एक नंबर झाला. उस्तादने म्हटलं, “दाढीवाला म्हातारा,” मालकाने मान डोलावली, डॉक्टरीणबाईंनी वेगळं काही लिहिलं.

दोन नंबर ओतला. पंचनामेने पेला नाकाशी नेला आणि चटकन मागे घेतला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. पाणी शिरलेल्या गोदामाचं शटर आठवड्याने उघडलं की आत ओली पोती आणि कुजलेले पुठ्ठे जो वास सोडतात, तो. बूच खराब निघालं होतं आणि आतली वाइन पार वाया गेली होती. हे ओळखायला उस्ताद लागत नाही, शेंबडं पोरही नाक मुरडेल.

उस्तादने पेला गोल फिरवला. नाक आत घातलं. डोळे मिटले.

“वा,” तो म्हणाला. “काय बाई आहे ही! पेन्सिल तासल्यावर येतो ना, तो वास. त्यामागून काळ्या मनुका. आणि अगदी शेवटी, लांबवर, जुनं चामडं. काळं लेबल. दुसरं काही असूच शकत नाही.”

मालकाने वास घेतला. त्याच्या नाकपुड्या आक्रसल्या. त्याने उस्तादकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला, आणि सावकाश म्हणाला, “हो बुवा. पेन्सिल आहे खरी.”

सापडला! पंचनामे खुर्चीत पुढे सरकला. घोडेवाली किंवा आणखी कुठली तरी कुजकी बाटली समोर ठेवलीय आणि गडी फोनवर पाठ केलेलं म्हणून दाखवतोय. आता फक्त पिशवी काढायची. त्याने विजयाने बायकोकडे पाहिलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डॉक्टरीणबाईंचं वाकडं झालेलं तोंड तिने पाहिलं होतं. ती पुढे आली, आयुष्यात पहिल्यांदाच तिने एक पेला उचलला, वास घेतला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने उस्तादकडे पाहिलं. त्या बघण्यात प्रेमबीम काही नव्हतं. रस्त्यात मधोमध उभ्या असलेल्या आंधळ्याकडे बघावं तशी ती बघत होती.

आणि मग पंचनामेला हिशेब लागेना. लबाड माणसालाही नाक असतंच की. नंबर पाठ असले, तरी असला वास आल्यावर कुणीही थबकेल, अडखळेल, खोकल्याचं निमित्त करेल. हा तर डोळे मिटून, मन लावून हुंगत होता. दुसरा घोट घेत होता! ज्याला वास येतो तो दुसरा घोट घेणारच नाही. म्हणजे याला वासच येत नाही.

चहाची चव बघणारा माणूस, आणि त्याला वास येत नाही. आणि त्याचा मालक हातभर अंतरावर बसलाय.

पंचनामेने आपला पेला खाली ठेवला. पुढचे चार नंबर त्याने प्यायले की थुंकले, त्याला कळलं नाही. पाच नंबरला उस्तादने ऐटीत सांगितलं, “घोडेवाली.” सगळं झालं आणि पिशव्या उतरवायची वेळ आली. बायकोचे हात इतके हळू चालत होते, की मालकच उठला आणि त्याने फराफरा कागद फाडले. दोन नंबरला घोडेवाली निघाली. पाचला काळं लेबल.

बायकोने नंबरांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. एवढंच.

“उलटं झालं की उस्ताद,” मालक म्हणाला.

“उलटं झालं ते सोडा,” डॉक्टरीणबाईंना राहवेना. “मी मघापासून तोंड दाबून बसलेय. ती दोन नंबरची कुजलीय हो! पोत्याचा वास मारतोय सगळ्या टेबलावर. तुम्ही दोघं पेन्सिल कुठली काढत बसलात?”

मालकाने दोन नंबरचा पेला पुन्हा उचलला. या खेपेला त्याने कुणाकडे न बघता वास घेतला. पेला खाली ठेवला. मग तो उस्तादकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांपुढून या वर्षी विकत घेतलेली चहाची खोकी एकामागून एक जाताना पंचनामेला दिसली.

“उस्ताद, तुम्हाला हे लागलं नाही?”

उस्तादच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने दोन नंबरचा पेला पुन्हा नाकाशी नेला.

“अरे, मालक फसले!” पंचनामे एवढ्या मोठ्याने ओरडला की डॉक्टरीणबाई दचकल्या. “फसले, फसले! सकाळीच मला कळलं होतं ही कुजलीय म्हणून. मी उस्तादला म्हटलं, तू हिची तोंड भरून स्तुती कर, बघू कोण कोण मान डोलावतं ते. नंबर पण मीच बदलले, खेळ रंगावा म्हणून. डॉक्टरीणबाई जिंकल्या. मालक, पेन्सिल आहे खरी, काय?”

आता मालकाच्या कानांची पाळी होती. मग तो हसला, जरा जास्तच मोठ्याने, मांडीवर थापा मारून. “हलकट आहात लेको! आणि उस्ताद, तुम्हीसुद्धा? चेहऱ्यावर सुरकुती नाही हो!”

“सवय आहे,” उस्ताद कसाबसा म्हणाला.

निघताना उस्तादने पंचनामेचा हात धरला आणि सोडेचना. मालकाने जिन्यातून हाक मारली, तेव्हा कुठे सोडला.

दार लागल्यावर पंचनामे स्वयंपाकघरात आला. बायको कुजक्या बाटलीतलं उरलेलं सिंकमध्ये ओतत होती.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“त्याला तो मोठा ताप आला ना, त्यानंतर. एक दिवस तो तुझी वाट बघत इथे उभा होता. मी आले तर शेगडी विझलेली, गॅस भसाभसा चालू, आणि हा शेजारी उभा राहून पेपर वाचतोय. मग सांगितलं त्याने सगळं. जीभ चालते, नाक गेलं. कंपनीत हाताखालच्या दोघींच्या चेहऱ्यांवरून भागवतो. डॉक्टर म्हणतात येईल कदाचित परत.” ती नळ सोडून बाटली विसळू लागली. “मी म्हटलं होतं त्याला, मुद्दाम एखाद-दुसरी चुकव. पण घाबरलेला माणूस सगळीच बरोबर लिहितो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगितलं असतं, तर तू त्याच्या नाकाखाली काहीतरी जाळून बघितलं असतंस.”

ते खरंच होतं. पण त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. एवढंच होतं तर! त्याने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने नळ बंद केला.

“आज वाचवलंस त्याला,” ती म्हणाली. “चांगलं केलंस. पण नंबर तू कशाला बदललेस?”

“बघायला. त्याला कुणी सांगतंय का ते.”

“मी सांगत होते. मीच सांगणार ना, दुसरं होतंच कोण? मग मलाच सरळ का नाही विचारलंस?”

त्याने नजर सिंककडे वळवली. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. आधी तिला कळलं नाही. मग कळलं, आणि तिने त्याचा हात खांद्यावरून काढून ओट्यावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

“अगं, तसं नाही...”

“किती दिवस चाललंय हे तुझं?”

“उन्हाळ्याआधीपासून,” तो म्हणाला. खोटं बोलणं आता त्याच्या जिवावर आलं होतं.

ती मनातल्या मनात काहीतरी मागे जाऊन बघत होती. “उन्हाळ्यात मी आईकडे होते,” ती म्हणाली. “ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा. तू रोज रात्री तिला फोन करायचास. मला नाही, तिला. कशा आहात, जेवलात का, लेक काय करतेय, जवळ आहे का, जरा द्या तिच्याकडे.”

त्याने मान खाली घातली.

“अजून सांगते ती आल्यागेल्याला,” बायको म्हणाली. “की मुलाने नाही केलं एवढं जावयाने केलं, एक दिवस चुकवला नाही.”

तिने ओली बाटली ओट्यावर उपडी ठेवली आणि पदराला हात पुसले.

“तिला मी काही कळू देणार नाही,” ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन टेबलावरचे पेले गोळा करू लागली.