दोन बोटं खाली

लघवीचे थेंब टाकलेल्या परीक्षानळीतला निळा रंग उकळता उकळता हिरवा झाला, पिवळा झाला आणि विटेसारखा लाल होऊन थांबला.

“आजही साखर,” डॉक्टर म्हणाले. “म्हातारबाई, चोरून काय खाता?”

“मी कायले खाऊ जी?” मूर्तिजापूरहून अकोल्याला आलेल्या पार्बताबाई तडकल्या. “हे सून गुळाच्या डब्याले कुलूप लावते!”

“मंग काहून नाई लावू? साखर काय हवेतून येते?” सून जयवंता म्हणाली.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं : पथ्य पाळत नाही. इन्सुलिन चाळीसऐवजी अठ्ठेचाळीस युनिट.

नर्स बेबीताईंनी इंजेक्शनसाठी म्हातारीचा दंड धरला. गोंदणाच्या खाली लिंबाएवढा मऊ फुगवटा होता. दाबला तरी तिला कळलं नाही.

“सुई रोज इथंच देता?”

“रोज,” जयवंता अभिमानानं म्हणाली. “तुमीच त दाखवलं होतं ताई, बासष्ट साली. गोंदणाच्या खाली दोन बोटं, जागा चुकवायची नाई. दोन सालांत एक दिवस चुकवली नाई.”

बेबीताईंना तो दिवस आठवेना. वाक्य मात्र त्यांचंच होतं. सुई हाडाजवळ जाऊ नये, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. जागा रोज बदला, हे सांगायचं राहिलं होतं. इन्सुलिन कातडीखालच्या पेशींना चरबी साठवायला सांगतं. रोज एकाच ठिकाणी सांगितलं, त्यांनी ऐकलं. आता औषध त्या गादीतच अडकत होतं.

“सर, बाई चोरून खात नाहीत. सुनेचंही चुकलं नाही. मी अर्धंच शिकवलं.”

डॉक्टरांनी फुगवटा दाबून पाहिला.

“नव्या जागी चाळीससुद्धा जास्त होतील,” बेबीताई म्हणाल्या. “साखर एकदम उतरेल. चोवीसनं सुरू करू, चार दिवस इथंच ठेवू.”

“ठीक. पण सिस्टर, हे पेपरवर यावं लागेल.”

“मीच लिहिते.” त्यांनी ‘पथ्य पाळत नाही’ खोडलं, ‘शिकवण्यात चूक’ लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली.

“म्हंजे मी खोटी नोती?” पार्बताबाईंनी विचारलं.

“नव्हता, आई.”

“मंग हिले जोरानं सांग. हिले कमी आयकू येते.”

जयवंतानं मान खाली घातली. “आयकलं, आत्याबाई.”

पाचव्या दिवशी नळी हिरव्यावर थांबली.

त्या दुपारी बेबीताईंनी जुनं रजिस्टर काढलं. त्यांच्याकडून सुई शिकून गेलेली एकोणीस माणसं निघाली : परतवाडा, बडनेरा, दर्यापूर. एकोणीस कार्डं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. मी तुम्हांला अर्धंच शिकवलं आहे. दंड दाखवायला या. येण्याआधी जागा बदलू नका.

आठवड्याभरात अकरा जण आले. एक कार्ड परत आलं. पत्त्यावर आडवी रेघ मारून पोस्टमननं लिहिलं होतं : मयत.

बेबीताईंनी ते त्या माणसाच्या केसपेपराला टाचलं आणि बाकावर बसलेल्या बाराव्याला आत बोलावलं.