पाठीवरचं पाणी

या, जरा पुढे सरका. तिथे मागे खांबाला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट पंखाच खाऊन टाकेल. आज पुराणातली कथा नाही सांगत. ठाण्याजवळच्या दिव्यातल्या एका सात मजली बिल्डिंगमधली सांगतो. एका माणसाला समुद्रापलीकडचा डोंगर चढायचा होता, आणि त्याच्या वाटेत आडवी आली ती त्याचीच मूठ. ऐका तर.

त्याचं नाव सुमित. अंगापिंडाने असा, की दारात उभा राहिला तर घरात दिवा लावावा लागे. लग्नाआधी तो काळुरामकडे होता. दिव्यात नळाला पाणी कमी, म्हणून टँकरवाल्याचा रुबाब जास्त. टँकर कुठल्या बिल्डिंगला आधी लागायचा ते काळुराम ठरवायचा, आणि कुणाचा आवाज चढला तर तो खाली आणायचं काम सुमितचं. एकदा पाइपवरून हुज्जत घालणाऱ्या एका माणसाचा जबडा त्याने असा फोडला, की तो बिचारा कितीतरी दिवस नळीने पेज ओढत होता. तक्रार झाली नाही. काळुरामच्या माणसांवर तक्रार व्हायचीच नाही. सुमितच्या उजव्या मुठीवर मात्र त्या दिवसांच्या पांढऱ्या खुणा राहिल्या.

प्रियांकाने लग्नाला होकार देताना एकच अट घातली: तो धंदा सोडायचा. त्याने सोडला. मानपाड्याच्या कारखान्यांतून माल नेणारा टेम्पो चालवू लागला. हात मात्र सुटायला टपलेलेच असत. सिग्नलला कुणी कट मारला की बोटं आपोआप मिटायची.

घरात तिसरी त्याची आई, केशरबाई. दर रविवारी विहारात जायची. तिथे भंतेजींच्या प्रवचनात तिने ऐकलं होतं, की सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र धम्म घेऊन लंकेत गेला तो एका डोंगरावर उतरला, आणि मागून त्याची बहीण संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली. त्या डोंगराचं नाव मिहिंतले. वरपर्यंत दगडी पायऱ्या आहेत.

"गुडघे आहेत तोवर एकदा चढायचंय मला," केशरबाई म्हणाली. बस, एवढंच म्हणाली, आणि सून कामाला लागली.

"टूरवाल्यांबरोबर जाऊ या ना," सुमित म्हणाला. "आपल्याला काय कळतंय तिकडचं?"

"टूरवाले आईंना डोंगर खालून दाखवतील, फोटो काढतील आणि बसमध्ये कोंबतील. आपलं आपण जायचं."

प्रियांकाने जमिनीवर नकाशा पसरला, कोपऱ्यांवर मसाल्याचे डबे ठेवले. कोलंबोहून बसने अनुराधापूर, तिथे बोधिवृक्ष. मग मिहिंतले. मग चहाच्या मळ्यांतून जाणारी रेल्वे पकडून एल्ला नावाचं गाव, आणि तिथल्या डोंगरावर दिवसभराची चाल. ही चाल तिची स्वतःची हौस.

"आणि खायचं काय तिथे?" केशरबाईने विचारलं.

"भात आणि मासे, आई."

"म्हणजे विमानाचा खर्च करून दिव्यातच राहायचं."

दोघींचे पासपोर्ट आले. सुमितचा पोलीस व्हेरिफिकेशनपाशी थांबला होता. घरी आलेल्या हवालदाराने पाणी पिता पिता सांगितलं, "तुझ्या नावावर काही नाही. पण रिपोर्ट जाईपर्यंत तसंच राहू दे. एक गुन्हा दाखल झाला की फाइल अडकली म्हणून समज."

तो गेल्यावर प्रियांकाने सुमितचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "हे खिशात ठेवायचे. आईंचा डोंगर तुझ्या खिशात आहे, लक्षात ठेव."

आता चढायचं म्हणजे सराव हवा. एखाद्या रविवारी कल्याणहून मलंगगड गाठता येई, पण रोजचं काय? प्रियांकानेच युक्ती काढली. बिल्डिंगला लिफ्ट होती, ती बिल्डर पळाला तेव्हापासून तळमजल्यावर बसून होती. टँकरचं पाणी खालच्या टाकीत पडायचं, आणि लोक कॅन भरून वर न्यायचे. तिने ठाण्याहून आणलेल्या नव्या सॅकमध्ये पाण्याचा कॅन ठेवला, सुमितच्या पाठीवर चढवला, हातात ट्रेकिंगची काठी दिली आणि म्हणाली, "चल, एल्ला."

जिन्यात हशा पिकला. "काय शेर्पा, शिखर कुठपर्यंत आलं?" दुसऱ्या मजल्यावरची हेमा रोज विचारायची. मग एक दिवस म्हणाली, "तुझा सराव होतोच आहे, तर माझाही एक कॅन घेऊन जा ना." सुमितने नेला. मग सहाव्या मजल्यावरच्या मधुकाकांचा. मधुकाका मारुतीच्या देवळात कीर्तनाला टाळ धरायचे. छातीत स्टेंट टाकलेला, ओझं उचलायला डॉक्टरांची बंदी. सुमित कॅन घेऊन निघाला की काका त्याच्या मागून रिकाम्या हाताने अभंग म्हणत चढायचे.

"काका, दम लागेल तुम्हाला."

"अरे, तू पाणी ने, मी चाल देतो."

असं करत करत अर्ध्या बिल्डिंगचं पाणी सुमितच्या पाठीवरून वर जाऊ लागलं, फुकट. आणि नेमकं तेच काळुरामला झोंबलं. कारण कॅन वर चढवायला त्याची पोरं दर मजल्यामागे पैसे घ्यायची. टँकरपेक्षा जिन्यातच त्याची जास्त कमाई होती.

पहिल्यांदा तो एकटाच आला. सुमित तिसऱ्या मजल्यावर होता, पाठीवर कॅन.

"श्रीलंकेला चाललास म्हणे," काळुराम म्हणाला, आणि त्याने सुमितच्या थोबाडीत मारली. जिना दणाणला. "मार ना परत. मार. मग मी चौकीवर जातो, आणि तू तुझ्या आईला समुद्र दाखव मुंब्र्याच्या खाडीवरून."

सुमितच्या तोंडात रक्त आलं. त्याची मूठ काठीवर इतकी घट्ट बसली की बोटं पांढरी पडली. एक फटका. फक्त एक. काळुरामचे दात कसे निखळतील, ते पायऱ्यांवरून कुठपर्यंत घरंगळतील, सगळं त्याला दिसत होतं. त्याने रक्त गिळलं आणि तो वर चढू लागला.

दुसऱ्यांदा त्याची पोरं आली. चाकूने सॅक फाडली, कॅनला भोकं पाडली, आणि घसरून पडलेल्या सुमितच्या बरगड्यांत लाथा घातल्या. सुमित गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला. घरी केशरबाईने हळद लावताना त्याच्या मुठी उलगडून पाहिल्या. तळव्यात नखं रुतून रक्त आलं होतं.

"दुखतंय?"

"मार खाल्ल्याचं नाही दुखत, आई. दिला नाही त्याचं दुखतंय."

तिने तळव्यांनाही हळद लावली. सकाळी वंदनेत पंचशील म्हणताना प्राणिहत्या न करण्याच्या पहिल्या शीलापाशी तिचा आवाज कापला, ते सुमितने ऐकलं.

तिसरी खेप आली ती गुरुवारी. टँकर नुकताच रिकामा झालेला, टाकीभोवती चिखल, बायका कॅन घेऊन रांगेत. काळुराम लोखंडी पाइप घेऊन आला, मागे तिघं. "आजपासून वर पाणी फक्त आमची पोरं नेणार," त्याने जाहीर केलं.

रांग एक पाऊल मागे सरकली. बोलले ते मधुकाका. गळ्यात टाळ, देवळातून तसेच आलेले.

"काय रे," ते शांतपणे म्हणाले, "यमुनेच्या डोहात कालिया बसला होता, तो सुद्धा पाण्यात बसला होता. तू तर जिन्यात बसलास."

बायका हसल्या. काळुरामला ते हसू सहन झालं नाही. त्याने पाइप फिरवला. पहिला फटका काकांच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. काका टाकीच्या कठड्यावर आपटले, कपाळ फुटलं, पांढरा सदरा बघता बघता लाल झाला. टाळ चिखलात पडले. काळुरामने ते बुटाने दाबले आणि दुसऱ्या फटक्यासाठी पाइप उचलला.

सुमित जिन्यातून खाली येत होता. त्याने रिकामा कॅन टाकला आणि धावला. पाइप खाली येण्याआधी त्याचा खांदा काळुरामच्या छातीवर आदळला. काळुराम चिखलात उताणा पडला, पाइप दूर उडाला. सुमित त्याच्या अंगावर उभा. हातात ट्रेकिंगची काठी, तिला टोकदार पोलादी टोक, आणि त्या टोकाखाली काळुरामचा गळा.

"मार," रांगेतली हेमा पुटपुटली. "मार त्याला, सुमित."

काळुरामच्या गळ्यावरची शीर उडत होती. काठी एक वीत खाली गेली असती तर दिवा मोकळं झालं असतं. सुमितचं सगळं अंग तेच मागत होतं: इतक्या वर्षांची सवय, तोंडातली रक्ताची चव, काकांचा लाल सदरा. त्याने काठी उचलली. आणि वर गच्चीच्या कठड्याशी उभी असलेली केशरबाई त्याला दिसली. ती ओरडली नाही. तिने मानही हलवली नाही. नुसती बघत होती.

सुमितने काठी टाकीत फेकली, वळला आणि काकांना उचलायला खाली वाकला.

काळुराम तोवर उठला होता. पाइप पुन्हा त्याच्या हातात होता. सुमित काकांवर पालथा पडला, त्यांचं डोकं आपल्या छातीखाली घेतलं. मग चौघांनी मिळून मारलं. पाठीवर, कमरेवर, मांड्यांवर. काकांच्या रक्ताने सुमितची मान भिजली, सुमितच्या रक्ताने काकांची. शेवटचा घाव काळुरामने नेम धरून उजव्या गुडघ्यावर घातला. "आता चढ डोंगर," तो म्हणाला.

गुडघ्याची वाटी फुटली तेव्हा सुमित पहिल्यांदा ओरडला. त्या ओरडण्याने रांग तुटली. हेमाने भरलेला कॅन उचलून एकाच्या तोंडावर मारला, मग बाकीच्या धावल्या, कुणी कळशी, कुणी चप्पल. चौघं पळाले.

हॉस्पिटलात जबाब घ्यायला तोच हवालदार आला. काळुरामने आधीच उलटी तक्रार दिली होती, की सुमितने आपल्याला मारलं. हवालदाराने सुमितचे हात उलटेपालटे करून पाहिले. मुठीवर जुन्या पांढऱ्या खुणा होत्या, नवा एक ओरखडा नव्हता.

"काळुरामच्या अंगावर चिखल आहे, जखम नाही," तो म्हणाला. "तुला संधी होती असं बायका सांगतात. का नाही मारलंस?"

"मारायला हवं होतं," सुमित म्हणाला. "आता सारखं वाटतंय."

प्रियांका उशाशी बसली होती. तिने त्याला गप्प केलं नाही.

सुमितवर गुन्हा नोंदला गेला नाही. काळुराम आत गेला, जामिनावर सुटलाही. पण त्या जिन्यात त्याची पोरं परत आली नाहीत. हेमा आणि रांगेतल्या बायका मधुकाकांचं पाणी नेऊ लागल्या, फाटलेली सॅक शिवून. काकांचा खांदा जुळला, टाळ मात्र चेपलेले राहिले; वाजले की जरा घोगरे वाजतात.

पासपोर्ट पोस्टाने आला तेव्हा सुमित वॉकर घेऊन खोलीत फिरायला शिकत होता. "तुम्ही दोघी जा," तो म्हणाला.

प्रियांकाने पुन्हा नकाशा पसरला. एल्लावर तिने स्वतःच्या हाताने काट मारली, आणि त्या जागी एक दिवस जास्त मिहिंतलेला दिला. "तिघांनीच जायचं," ती म्हणाली. केशरबाईने डबे नीट कोपऱ्यांवर सरकवले.

आणि गेले ते. सकाळची वेळ, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चाफ्याची झाडं, खाली फुलांचा सडा. केशरबाईने पहिल्या पायरीपाशीच चप्पल काढली. म्हणाली, मी खालपासून अनवाणी चढणार. प्रियांकानेही बूट काढले. सुमित कठड्यावर बसला, उजवा पाय लांब करून. टाकीतून काढलेली ती काठी आता त्याच्या चालण्याची होती.

"लक्ष ठेव रे," केशरबाई म्हणाली. "माकडं आहेत."

दोघी चढत गेल्या, लहान लहान होत चाफ्यांत दिसेनाशा झाल्या. एक माकड खरंच आलं आणि त्याने प्रियांकाच्या बुटाला हात घातला. सुमितने काठी उगारली. उगारली तशीच हळूच खाली घेतली, आणि बूट नुसता आपल्याकडे ओढून घेतला. माकड बसून राहिलं. तोही बसून राहिला. वरून कुठून तरी आईची वंदना ऐकू येते का, ते तो कान देऊन ऐकत होता.

तर माझ्या माणसांनो, तुम्ही देवळात जाता, विहारात जाता, गड चढता. वर पोचणाऱ्यांचे फोटो सगळेच काढतात. पण खाली पहिल्या पायरीशी चपला राखत कुणी बसलेला दिसला, तर त्याला ओलांडून पटकन वर जाऊ नका. क्षणभर थांबा, आणि केशरबाईच्या सुमितची आठवण काढा.