हेनी कोण?

गौतमीनं हॉलंडहून आणलेल्या मुलाचं नाव बास होतं आणि साहेबरावांना ते पहिल्यापासूनच खटकलं. पोराचं नाव कुणी बास ठेवतं का? पण रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेला हा माणूस तोंडावर काही बोलला नाही. रांजणगावच्या कंपनीनं पोरीला कामासाठी तिकडं पाठवलं, तिथं तिनं हा पसंत केला आणि लग्नाआधी आईबापांना दाखवायला ती त्याला दौंडला घेऊन आली होती. दाखवायलाच आणलाय म्हटल्यावर साहेबरावांनी त्याला नीट बघून घ्यायचं ठरवलं.

बघता बघता त्यांची नजर त्याच्या फोनवर अडकली. साल दोन हजार चार. दौंडात ज्याच्याकडे मोबाइल होता तो शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर दिसेल असा ठेवायचा. आणि या गोऱ्या इंजिनिअरच्या फोनच्या कडा झिजलेल्या, मागचं झाकण चिकटपट्टीनं धरलेलं. मांडवगण फराट्याहून भेटायला आलेले मेव्हणे सावळाराम आपला कॅमेऱ्याचा नवा फोन कपबशीशेजारी ठेवत हळूच म्हणाले, "दाजी, ह्याला तिकडं नोकरी हाय का न्हाई, खात्री केली का कुणी?"

गौतमीला विचारलं तर ती हसली. तिकडं दर महिन्याचं बिल भरायचं कबूल केलं की नवा फोन फुकट मिळतो, पण कंपनी दोन वर्षं बांधून घेते. बासला ते नको होतं. हा फोन घेताना त्यानं बॅटरी किती टिकते एवढंच पाहिलं होतं. चालतोय तोवर टाकायचा कशाला, असं त्याचं म्हणणं. साहेबरावांना काही ते पटलं नाही. फुकट मिळणारी वस्तू सोडणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

शिवाय लक्षणंही ठीक नव्हती. जेवताना फोन वाजला की बास तो बंद करायचा. बोलायचंच झालं तर पार कंपाउंडच्या टोकाला जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याचे कान लाल झालेले असायचे. चारचौघांत फोनवर बोलणं त्याला बरं वाटत नाही, हे गौतमीचं उत्तर तयारच असे.

एका दुपारी उकाड्यानं हैराण होऊन बास पुन्हा अंघोळीला गेला आणि फोन खाटेवर राहिला. साहेबरावांनी तो उचलला. मेसेजची रांगच होती. सगळे डच भाषेत, एक शब्द कळेना. पण जवळपास प्रत्येकावर एकच नाव, हेनी. मधेमधे गौतमीचंही नाव. त्यांची बायको अंजनाबाई दारातून म्हणाल्या, "आवं, ठिवा तो. दुसऱ्याचा हाय." पण तोवर त्यांनी हिरवं बटण दाबलं होतं.

पलीकडून बाईचा आवाज आला, वयस्कर. साहेबरावांनी आपल्या नोकरीतल्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही कोण? बाई म्हणाली, बासची आई. तो आईला नावानंच हाक मारतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते ओशाळून फोन ठेवणार, तेवढ्यात बाईनंच विचारलं, तुम्ही त्या मुलीचे वडील ना? मग खरं सांगा. तिला माझा मुलगा हवाय, की आमच्या देशात राहायचा परवाना?

साहेबरावांच्या डोक्यात तिडीक गेली. "माझी मुलगी इंजिनिअर आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "तिकडं ती स्वतःच्या हिमतीवर आलीय. आणि तुमचा मुलगा मी अजून पसंत केलेला नाही."

एवढ्यात फोनमधले पैसे संपले. मागं वळून पाहिलं तर बास ओल्या केसांनी उभा.

साहेबरावांनी फोन त्याच्या हातात दिला आणि गौतमीला बोलावून दोघांसमोर घडलं ते सांगितलं. बास म्हणाला की, मी गौतमीचासुद्धा फोन कधी उघडत नाही. पण त्याचा राग तिथंच विरला, कारण गौतमीनं त्याला विचारलं की, आई असं कधीपासून म्हणतेय? पहिल्यापासून, तो म्हणाला. गौतमीला वाईट वाटू नये म्हणून तो कंपाउंडपाशी जाऊन एकटाच आईशी भांडत होता.

"मला सांगायला हवं होतंस," गौतमी म्हणाली आणि आत निघून गेली. पोरगं काहीतरी लपवतंय हा साहेबरावांचा अंदाज खरा ठरला होता, पण त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गौतमी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर गेली आणि तिनं स्वतःच हेनीला फोन लावला. साहेबराव बाहेरच्या बाकड्यावर बसून काचेतून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती बोलतेय, मग नुसती ऐकतेय, मग पुन्हा बोलतेय. ती रडतेय की काय तेही कळेना. बाहेर आल्यावर म्हणाली, "पप्पा, त्या इकडं येतायत. आधी घर बघीन, माणसं बघीन म्हणाल्या."

"येऊ दे," साहेबराव म्हणाले. "मी बी बघतो तिला."

हेनी थंडीत आली. उंच, हाडकुळी बाई. तिनं खुर्चीत बसून भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट केलं आणि हे कोण म्हणून विचारलं. साहेबराव सांगत राहिले, चहा निवला तरी सांगत राहिले. ती मधेमधे अडवून उलटे प्रश्न विचारत राहिली. त्याच आठवड्यात बुद्धविहारात लग्न लागलं.

परत निघताना दौंड स्टेशनवर हेनी म्हणाली की, मला अजून तुमची पूर्ण खात्री वाटत नाही. साहेबरावांनाही तिची नव्हती. तसं त्यांनी तिला सांगून टाकलं आणि तिची जड बॅग स्वतः उचलून डब्यात चढवली.