पुष्पाबाईचा उजवा हात

“तुमच्या सरांचं पुस्तक आलंय की शाळेत. बघितलं का तुम्ही?” रूपाली मॅडम म्हणाल्या आणि तिसरीच्या मुलांच्या घोळक्यातून एक पातळ, रंगीत पुस्तक ओढून त्यांनी दैवशालाच्या हातात ठेवलं.

राजूरच्या त्या शाळेत दैवशाला मुलांना चित्रं शिकवायला आली होती. संभाजीनगरला विद्यापीठात ती इलस्ट्रेशन शिकत होती. गोष्टीच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला. गावी आली की शाळेत एखादा तास घ्यायचा, असं मॅडमनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

मुखपृष्ठावर देवळाच्या पायऱ्या होत्या. पायरीशी एक बाई हार गुंफत बसली होती. दोऱ्याचं टोक तिनं पायाच्या अंगठ्याला अडकवलं होतं. खाली ठळक अक्षरांत नाव होतं, ‘दुर्वांची जुडी’. आणि त्याखाली, गोष्ट आणि चित्रे : रामकिसन पडूळ.

दैवशालानं पानं उलटली. पत्र्याखालचं दुकान, ओल्या पोत्याखाली झाकलेली जास्वंद, वाहून टाकलेला हार चघळणारी शेळी. प्रत्येक चित्र तिचं होतं. शेळीच्या पाठीवरचा तो करडा रंग तिनं होस्टेलच्या खिडकीत बसून लावला होता, आणि तो वाळेपर्यंत जेवायलाही गेली नव्हती.

ती परत मुखपृष्ठाकडे आली. बाईच्या उजव्या हाताला पाच बोटं होती.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“काही न्हाई,” ती म्हणाली. “मी वर्ग घेते.” तिनं खरंच तास पुरा घेतला. मुलांना शेळी काढायला शिकवली.

पुष्पाबाई म्हणजे दैवशालाची आई. देवळाच्या पायथ्याशी हार, फुलं, दुर्वा विकायची. दैवशाला दुसरीत असताना चारा कापायच्या कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये आईच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. महिनाभर फडकं गुंडाळून ती घरात बसली. मग एक दिवस दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून उरलेल्या तीन बोटांनी हार गुंफायला लागली. सुरुवातीला फुलं सांडायची. दैवशाला ती वेचायची आणि बघत राहायची. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मन लावून काढलेली गोष्ट म्हणजे तो हात. फुलांच्या पुड्या बांधायच्या रद्दी कागदावर, समासातल्या कोऱ्या जागेत, काळ्या पेनानं.

तो कागद नेमका रामकिसन सरांच्या हाराच्या पुडीला आला. सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. दुसऱ्या दिवशी ते पुडीचा कागद घेऊन दुकानाशी परत आले आणि म्हणाले, “हे कोणी काढलंय?” दैवशाला घाबरून आईच्या मागं लपली होती.

त्यानंतरचं सगळं सरांमुळे झालं. रविवारी ते तिला घरी बोलवायचे, स्वतःचे ब्रश वापरू द्यायचे. “आधी उजेड कुठून येऊन राह्यला ते बघ, मंग पेन्सिल उचल,” हे त्यांचं वाक्य तिला अजून रोज आठवायचं. बारावीनंतर वडील तातेराव म्हणाले होते, चित्रं काढून काय पोट भरतं का, बीएड कर. तेव्हा सर स्वतः घरी आले, ओट्यावर बसून राहिले आणि तातेरावांनी होकार दिल्यावरच उठले. प्रवेश परीक्षेलाही सरच तिला घेऊन गेले. ती आत पेपर देत होती आणि सर बाहेर लिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसले होते.

मागच्या वर्षी तिनं आईच्या एका दिवसाची चित्रं केली, त्यांच्यातच एक लहानशी गोष्ट गुंफली. विद्यापीठातल्या विभागात सगळ्यांना ती आवडली. पण सरांना दाखवल्याशिवाय तिला चैन पडेना. सरांनी ती एकेक करून बघितली. मग म्हणाले, “माझ्या ओळखीचे एक प्रकाशक हायेत. दाखवू का त्यांना? मोबाईलवरचे फोटो चालत न्हाईत त्यांना, मूळ कागद ठेव माझ्यापाशी.” तिनं ठेवले. दिवाळीत विचारलं, तर सर म्हणाले, “त्यांना न्हाई जमत म्हणले. तू नाराज होऊ नको.” तिला वाईट वाटलं ते सरांसाठी. आपल्यामुळे त्यांना कुणापुढे शब्द टाकावा लागला, असं वाटलं.

शाळेतून ती थेट सरांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोनं, बेबीनंदा काकूंनी उघडलं.

“ये ये, कवा आलीस? सरांचं पुस्तक बघितलं का? जालन्याला सत्कार झाला बघ. ही शाल.” काकूंनी कपाटातून शाल काढून तिच्या मांडीवर ठेवली. “आयुष्यभर लोकांच्या लेकरांचीच चित्रं बराबर करत बसले. आता कुठं नाव झालं. मला म्हणले, तू झोपलीस की मी काढत बसायचो.”

सर आतल्या खोलीच्या दारात उभे होते. दैवशालानं त्यांच्याकडे पाहिलं. काकू चहा घेऊन आल्या, तशी त्यांनी नजर चहाकडे वळवली.

काकूंना काही ठाऊक नव्हतं, हे तिला तेव्हाच कळलं. तिनं चहा संपवला. शालीची घडी घालून परत दिली. “सर, जरा बाहेर येता?” म्हणाली.

फाटकापाशी दोघं उभी राहिली.

“मी सांगणारच होतो तुला,” सर म्हणाले. “प्रकाशक म्हणले, पोरीचं नाव कोण ओळखतं? अनुभवी माणसाचं नाव असलं तर शाळांत जाईल. मंग मी म्हणलं, असू दे. पुढच्या आवृत्तीला तुझं टाकू.”

“दिवाळीत तर तुम्ही मला सांगितलं, त्यांना न्हाई जमत म्हणले.”

सर फाटकाची कडी चाचपत राहिले.

“आणि आईची बोटं?”

“लेकरं घाबरतील म्हणले ते.”

“ती बोटं कोणी काढली?”

“मीच काढली,” सर हळू आवाजात म्हणाले.

तिला ते विचारायची गरजच नव्हती. ती दोन बोटं बाकीच्या हातापेक्षा वेगळी होती, ताठ, हायस्कूलच्या फळ्यावर सर काढायचे तशी. ती रेघ तिनं लहानपणी गिरवली होती.

“दैवशाला, तू अजून पन्नास पुस्तकं करशील,” सर म्हणाले. “तुझ्यापाशी ते हाय. माझ्यापाशी न्हाई, हे मला लई आधी कळालंय. माझं हे एकच. राहू दे ना.”

एवढी वर्षं हा माणूस तिच्याकडे काही मागत नव्हता आणि आज मागत होता. हो म्हणून टाकावं, असंही क्षणभर वाटलं.

“माझे कागद द्या,” ती म्हणाली.

सर आत गेले, गुंडाळी घेऊन आले. मुखपृष्ठाचं चित्र वरच होतं. त्यांनी मूळ कागदावरच रंग चढवून ती बोटं काढली होती. खालचं तिचं काम जाड रंगाखाली बुजून गेलं होतं.

घरी पुष्पाबाई दुसऱ्या दिवशीच्या दुर्वा निवडत बसली होती. दैवशालानं चित्र तिच्यापुढे ठेवलं आणि काय झालं ते सांगायला सुरुवात केली. पुष्पाबाईनं चित्राकडे जरासं पाहिलं आणि म्हणाली, “हे म्हाईत हाय मला. सरांनी पुस्तक दिल्तं आणून. दोन महिने झाले असतील. म्हणले, तुमचंच चित्र हाय पुष्पाबाई.”

“आणि तू मला बोलली न्हाईस?”

“मला वाचता येतंय थोडंच? मला वाटलं, तुझंच पुस्तक हाय. गिऱ्हाइकाला दाखवत होते मी, माझ्या लेकीनं काढलं म्हणून.” ती थांबली. दुर्वांची एक जुडी बांधली, दोरा दातानं तोडला. “हात बघितला तवा जरा वाटलं. मंग म्हणलं, आता शहरात राहती पोरगी. मैत्रिणी असतील. आपला असा हात लोकांत दाखवायला नको वाटला असंल तिला. म्हणून मी काय बोलले न्हाई.”

दैवशाला तिच्यासमोर बसूनच राहिली. सरांच्या घरी ती रडली नव्हती, फाटकाशीही नाही. आता मात्र तिला आवरेना. दोन महिने आई हे मनात धरून बसली होती. फोनवर रोज विचारत होती, जेवलीस का, थंडी हाय का तिकडं, आणि हे मनात होतं.

“मी न्हाई काढली ती बोटं, आई,” ती म्हणाली. “मी तुझा हात हाय तसाच काढल्ता. त्याच्यासाठीच तर काढलं सगळं.”

पुष्पाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. “सरांनी बदलला?”

“हो.”

“सरांनी,” पुष्पाबाई परत म्हणाली. दुर्वांचं टोपलं बाजूला सारून तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

विभागातल्या मॅडमच्या मदतीनं दैवशालानं प्रकाशकाला कळवलं. चित्रं करताना तिनं काढलेले फोटो मोबाईलमध्ये होते, तेही पाठवले. उत्तर आलं, की त्यांच्याकडे सरांच्याच नावानं काम आलं होतं. झाली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पुढची आवृत्ती निघाली नाही. पहिली शाळाशाळांतून वाटून झाली होती. मॅडम म्हणाल्या, पोलिसांत जाता येईल. दैवशालानं विचार केला. बेबीनंदा काकूंनी मांडीवर ठेवलेली शाल आठवली, आणि ती गेली नाही. पण वर्षअखेरीच्या प्रदर्शनासाठी तिनं सगळी चित्रं नव्यानं काढायला घेतली.

त्यातच चतुर्थी आली. ती गावी आली आणि पहाटेपासून आईजवळ दुकानात बसली. गर्दी पायऱ्यांपासून पार रस्त्यापर्यंत होती. त्या गर्दीत सर आले, एकटेच. दर चतुर्थीला ते पुष्पाबाईकडूनच हार घ्यायचे आणि पुष्पाबाई त्यांच्याकडून कधी पैसे घ्यायची नाही.

“पुष्पाबाई, एक हार द्या,” सर म्हणाले. दैवशालाकडे त्यांनी पाहिलं नाही.

पुष्पाबाई गुंफत होती. तिनं हातातलं फूल दोऱ्यात अडकवलं, गाठ आवळली.

“हार संपलेत, सर.”

तिच्या मागं बांबूवर जास्वंदीचे हार ओळीनं लटकत होते, पाणी मारलेले, ताजे. सरांनी ते पाहिले.

“तुमाला केवढा देऊ, बाई?” पुष्पाबाईनं त्यांच्या मागच्या बाईला विचारलं आणि तिच्यासाठी एक हार काढून पानात बांधला.

सर बाजूला झाले आणि रिकाम्या हातांनी पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर त्यांना दम लागला. गुडघ्यावर हात टेकून ते थांबले. आजूबाजूनं माणसं वर जात राहिली. दैवशालानं पाण्याचा तांब्या उचलला होता. तो तिनं तसाच हातात धरून ठेवला, आणि सर परत चालू लागेपर्यंत ती बघत राहिली.